चिमट्याचा कौल

आधीच सांगतो, ही कुठून ऐकलेली गोष्ट नाही. ज्यांच्यासोबत घडली ते माझे सख्खे चुलते, माधवकाका. आजही डावा पाय ओढत चालतात. तो पाय सोडला तर माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

साल १९८८. मार्च महिना. जागा भिवंडीजवळचं कशेळी, केसरीनाथचं घर.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती...

केसरीनाथ म्हणजे काकांचा जिवलग, त्यांचा केशी. काका टेमघरला राहायचे, पतपेढीत क्लार्क. केसरीनाथ कशेळीचा आगरी, घरच्या पडवीतच गाड्या दुरुस्त करायचा. दोघांनी मिळून भंगारातून एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल उचलली होती. काकांच्या जन्माआधीची. इंजिन सुधारलं, टाकी सुधारली, पण पुढचा चिमटा कायम आजारी. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारे ते दोन शॉकप.

दर रविवारी दोघं त्याच्याच मागे.

पुढचा ब्रेक दाबायचा, हँडलवर वजन टाकायचं आणि सोडायचं. गाडी हळू वर आली तर ठीक. टपकन उसळली तर आतलं ऑइल कमी. मध्येच अडकली तर पाइप वाकडा. हँडल सरळ करायचं असलं की एकाने पुढचं चाक गुडघ्यांत आवळून धरायचं, दुसऱ्याने हँडल पिळायचं. चाक धरायचा केसरीनाथ.

"ताकद माझी, अक्कल तुझी," तो बोलायचा. "चुकलं तर अक्कल चुकली."

मग त्याला कावीळ झाली. बघता बघता माणूस गेला.

मागे राहिल्या दोघी. आई राहीबाई आणि बायको कमळ. मूलबाळ नव्हतं.

काका रविवारी जातच राहिले. आधी गाडीसाठी. नंतर कमळसाठी.

काकांनी मला सरळ सांगितलं, "मला तिच्याशी लग्न करायचं होतं. बस." घरी कळलं तेव्हा माझ्या आजीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. एक तर विधवा, त्यात जातीबाहेरची. काकांनी ते सोसलं. त्यांना खुपत होतं ते वेगळंच.

केशीला काय वाटेल?

त्यांनी राहीबाईंना विचारलं. म्हातारी ओट्यावर वाल सोलत होती.

"मी आज हाय, उद्या न्हाय," ती बोलली. "पोरीला कोनतरी पायजे. माझी ना न्हाय, माधवा. पन बायको केशीची हाय. त्याला इचार."

"त्याला कसं विचारू, आई?"

"गावदेवीला कौल लावतात ना, तसा लाव. तुमचा दोघांचा देव तो काय पडवीत बसलाय. निसता खडखड करतो."

म्हातारी हसली. काका नाही हसले.

आमच्याकडे देवीच्या अंगावर फुलाची कळी लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली की हो. काकांच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

त्या दुपारी काकांनी चिमट्यातलं सगळं ऑइल काढलं होतं. खालचे बोल्ट खोलून मगात सोडलं होतं. सील बदलायचे होते. दोन्ही नळ्या कोरड्या ठाक. असा कोरडा चिमटा दाबला की खाली जाऊन खट्ट वाजतो. लोखंडावर लोखंड. वाजणारच.

तेवढ्यात लाइट गेली.

आजूबाजूचे सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग, एकदम थांबले. भिवंडीच्या माणसाला विचारा, तो आवाज थांबला की कानात दडा बसल्यासारखं होतं.

काका गाडीसमोर उभे राहिले. हात मुद्दाम पाठीमागे बांधले.

"केशी, मी कमळला माझ्या घरी नेतो. तुला चालत असेल तर गाडी खाली बसव. नसेल चालत तर तशीच राहू दे. मी पुन्हा इकडे फिरकणार नाही."

काही नाही.

एक कावळा नाही. वारा नाही.

काकांना स्वतःचीच लाज वाटली. ते वळणार...

आणि हँडल खाली गेलं.

हळूहळू... पार तळापर्यंत. कुणीतरी दोन्ही हातांनी वजन टाकावं तसं.

खट्ट झालं नाही.

चिमटा कोरडा. आणि आवाजच नाही...

मग तो वर आला. तितकाच हळू. एकदाच. आत काठोकाठ ऑइल असावं तसा.

काका बोलतात, भीती अजिबात वाटली नाही. रडूच आलं. मित्र असावा तर असा, असं वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि वळून बघितलं तर दारात कमळ. हातात चहाचा कप. नजर काकांवर नव्हती, गाडीवर होती.

"बघितलंस?" काकांनी विचारलं.

"बघितलं, भाऊजी."

एवढंच बोलून आत गेली. काकांना वाटलं, लाजली.

त्यानंतर काकांनी त्या चिमट्यात जीव ओतला. नवीन सील. पाइप काचेवर लोळवून बघितले, खालून उजेडाची रेघ पण दिसेना, एवढे सरळ. ऑइल मापात भरलं. मग हँडल सरळ करायला घेतलं तर धरायला कुणी नाही. एकट्याने हँडल पिळलं की चाकही सोबत फिरतं. काकांनी तरी पिळून बघितलं.

चाक हललं नाही.

गुडघ्यांत आवळून धरल्यासारखं... गच्च.

"आभारी आहे रे केशी," काका बोलले. आणि निवांत काम केलं.

धामणकर नाक्यावर दाजी म्हणून जुने मिस्त्री होते. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी हँडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"माधवराव, पतपेढी सोडा," ते बोलले. "माझ्या शेजारी पाटी लावा. फक्त माझी गिऱ्हाइकं पळवू नका."

लग्न गावदेवीच्या देवळात लागलं. राहीबाई होत्या, दाजी होते, आमच्या घरचं कुणी नव्हतं. सकाळीच उरकलं. काकांनी गाडीला हार घातला. कमळ मागे बसली आणि दोघं टेमघरला निघाले.

काल्हेर गेलं. रस्ता तसा मोकळा होता. काकांनी विचारलं, "नीट बसलीस ना?"



आणि गाडी पुढून खाली बसायला लागली.

काकांचा हात ब्रेकवर नव्हता. खड्डा नव्हता. तरी ती बसत गेली... हळूहळू... पार तळापर्यंत. त्यांच्या आणि हँडलच्या मध्ये तिसरं कुणी येऊन बसावं तशी.

वर आलीच नाही.

समोर कापडाचे तागे भरलेला ट्रक उभा होता. काकांनी हँडल उजवीकडे ओढलं. हलेना. अंगातली सगळी ताकद लावली. चाक गच्च. ब्रेक दाबला तर गाडी तशीच पुढे.

"केशी, तू हो बोलला होतास," काका ओरडले.

तेव्हाच मागचं वजन गेलं.

एकदम. कुणी उचलून घेतल्यासारखं...

पुढचं काकांना आठवत नाही. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ट्रकवाल्याने त्यांना खेचून बाजूला काढलं. कमळ मागे रस्त्याच्या कडेला उभी होती. पडली नव्हती, उभी. पायांत चपला तशाच. केसांतला गजरा तसाच. ट्रकवाला हिंदीत सारखा एकच विचारत होता, ही बाई आली कुठून.

गाडी दाजींकडे गेली. दाजी हॉस्पिटलात आले ते बसलेच नाहीत. उभ्यानेच बोलले.

"रिम लाडवासारखी झालीय. दिवा गेला, टाकी चेपली. चिमट्याला काही नाही."

"म्हणजे?"

"एक थेंब गळला नाही. पाइप काचेवर लोळवले, सरळ आहेत. माधवराव, एवढ्या धडकेत सगळ्यात आधी चिमटा वाकतो. मी आजवर दुसरं बघितलं नाही. ती गाडी माझ्याकडे ठेवू नका."

कमळ एकदाच आली. डबा घेऊन. काकांनी बांधलेलं मंगळसूत्र गळ्यात नव्हतं. जुनं होतं. केशीचं. राहीबाईंनी पेटीत जपलेलं.

"भाऊजी, मी घरी चालले."

"तुझं घर आता टेमघरला आहे."

"न्हाय. कशेळीला."

काकांचा बांध फुटला. "दगा दिला त्याने मला. तोंडावर हो बोलला. तू तिथे होतीस, कमळ. तू बघितलंस."

"ते तुमाला हो न्हाय बोलले."

"मग कुणाला?"

"तुमी इचारत होता तवा मी दारात होते. मी पन इचारलं, मनात. मला हितून जाऊ देऊ नका, असं. आन् गाडी खाली बसली."

 काकांनी विचारलं, "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी आईंना इचारलं. त्यांना पन इचारलं." तिने डब्याचं झाकण नीट लावलं. "मला कुनी इचारलं?"

ती गेली. नंतर गाडी पण तिनेच टेम्पोत घालून कशेळीला नेली. काकांनी पुन्हा लग्न केलं नाही.

आजही विषय निघाला की त्यांचं एकच. "नाही बोलायचं होतं तर गाडी तशीच राहू द्यायची. मी निघून गेलो असतो. पण त्याने चाक धरलं. मी हँडल बसवत होतो तेव्हा माझ्यासमोर बसून चाक धरलं त्याने. असं कुणी मित्राशी करतं?"

मला पण तसंच वाटायचं. काकांसाठी वाईट वाटायचं.

पण गेल्या महिन्यात एक गोष्ट डोक्यात आली आणि तेव्हापासून जात नाही. कमळ मनात बोलली होती. ओठ हलले नव्हते. तरी त्याला ऐकू गेलं. म्हणजे त्याला मनातलं ऐकू येत होतं.

मग काकांच्या मनातलं पण आलं असेल...

मी धीर करून विचारलं. "काका, कमळ तुम्हाला आवडायला लागली ती केसरीनाथ गेल्यानंतरच ना?"

काका टीव्ही बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.