ॲसिड-यार्डातली खोटी सही

नेहमीचा टँकरवाला आजारी पडला म्हणून त्याच्या जागी तो आला, एवढंच. नाहीतर त्या दोघांची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं.

बॅटरीच्या कारखान्यात सल्फ्युरिक ॲसिड उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. वय सव्वीस, हातात कायम तपासणीचा कागद आणि तोंडात कायम एकच वाक्य – "गॉगल कुठाय?" कामगार तिच्यामागे तिला 'गॉगलबाई' म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं... आणि मनातून आवडायचंही.

त्या मंगळवारी टँकरच्या चाकांना ठोकळे लावून झाले, तरी नवा ड्रायव्हर पाइप जोडायला पुढे येईना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"मॅडम, तेवढा शॉवर चालू करून दाखवा ना."

"का? आंघोळ करायचीय?"

"तशी वेळ येऊ नये म्हणूनच विचारतोय." तो हसला. "पाणी येतंय हे बघितल्याशिवाय मी पाइपाला हात लावत नाही."

कागदावर 'आपत्कालीन शॉवर तपासला' यापुढे तिनं आधीच खूण करून टाकली होती! तिनं निमूटपणे दांडा ओढला. आधी नुसती घरघर, मग गंजाचं लालभडक पाणी, आणि मग कुठे स्वच्छ धार. तिचे कान तापले. गॉगलबाईला आज कुणीतरी पकडलं होतं.

"मी काही बघितलं नाही हं," तो हलकेच म्हणाला, इतरांना ऐकू जाणार नाही असं.

मग दर मंगळवारी तोच यायला लागला. ॲसिड उतरेपर्यंत दोघं धोक्याच्या पिवळ्या रेघेबाहेर उभे राहायचे. तो रस्त्यावरचे किस्से सांगायचा, ती हसू दाबायची. एकदा तो म्हणाला, "तुम्ही रागावलात की बरं वाटतं. घरचं कुणीतरी ओरडतंय असं वाटतं." ती दिवसभर ते वाक्य मनात घोळवत राहिली. रात्री आरशात बघताना मात्र तिला डोळ्यांभोवती उठलेली गॉगलची लाल वर्तुळंच दिसली.

सहाव्या मंगळवारी तिनं नवी ओढणी घेतली आणि एप्रनखाली खोचली. टँकर रिकामा झाला, झडपा बंद झाल्या. आता पाइपात उरलेलं ॲसिड निथळलंय का, हे तिनं स्वतः बघायचं, सही करायची आणि मगच पाइप काढायला "सोडा" म्हणायचं – असा नियम होता. तिनं गॉगल कपाळावर सरकवला.

"मॅडम... गॉगल."

"संपलंच की काम."

"डोळे चांगले आहेत, म्हणून तर झाकायला सांगतोय."

झालं! तिनं खाली मान घातली, न बघताच सही ठोकली. तिचा हात कपाळाकडे गेला; ती गॉगल लावतेय असं समजून तो पाइपाकडे वळला. तिनं फक्त केस सारखे केले.

"सोडा," ती म्हणाली.

जोड ढिला झाला तशी फस्सकन चिळकांडी उडाली. चेहऱ्यावर आग पेटल्यासारखं झालं. ती किंचाळली, आणि पुढच्या क्षणी कुणीतरी तिला दंडाला धरून ओढत नेलं. धबधब्यासारखं गार पाणी डोक्यावर कोसळलं.

"डोळा मिटायचा नाही! माझ्याकडे बघ... बघ म्हणतोय ना!"

ॲसिड लागलेले हातमोजे तिच्या चेहऱ्याला लागू नयेत म्हणून त्यानं ते ओरबाडून काढले होते आणि उघड्या बोटांनी तिच्या पापण्या उघड्या धरल्या होत्या. पुरी पंधरा मिनिटं. पॅकिंगमधल्या मावशींनी चादरीचा आडोसा केला, तिचे कपडे उतरवले. सारा कारखाना गोळा झाला होता.

डोळा वाचला. गालावर मटाराएवढा डाग राहिला. त्याचं मात्र मोजे काढताना मनगट चांगलंच भाजलं होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

चौकशी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये झाली. तो मनगटाला पट्टी बांधून दाराशी उभा होता.

"पाइप निथळायच्या आत ड्रायव्हरनं घाई केली," साहेब म्हणाले. "तुमची सही आहे म्हणजे तुम्ही तपासलं होतंत. बरोबर ना?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तो नुसता वाट बघत होता... आणि तेच तिला सोसवेना.

"हो, सर," ती म्हणाली.

तो मान वळवून निघून गेला. त्याला गेटवर बंदी झाली.

पुढचे आठ दिवस तिला स्वतःचीच किळस येत राहिली. "गॉगल कुठाय?" हे शब्द घशातून बाहेर पडेनात. कामगार येता-जाता "बाई, बऱ्या आहात ना?" असं मायेनं विचारायचे, आणि तिला वाटायचं, जमीन दुभंगावी.

"ज्यानं तुझा डोळा वाचवला, त्याला एकदा घरी तरी बोलव," घरी जेवताना ताई म्हणाली.

"त्याची बंदी माझ्यामुळे झालीय, ताई. मी खोटं बोलले."

ताई म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये, साठ माणसांसमोर, ती उभी राहिली. "त्या दिवशी मी गॉगल काढला होता. पाइप बघितला नाही, सही केली. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. चौकशीत मी... मी खोटं बोलले." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मावशी तेवढ्या पदरानं डोळे पुसत होत्या.

तिचं काम सहा महिन्यांसाठी काढून घेतलं, नव्या भरतीबरोबर प्रशिक्षणाला बसवलं. त्याची बंदी उठली. पण मंगळवारी टँकर घेऊन आला तो दुसराच कुणीतरी.

सुट्टीच्या दिवशी ती विचारत विचारत टँकरच्या तळावर पोचली. तो चाकाचे नट आवळत होता.

"मी माफी मागायला आलेय."

"कळलं मला, साठ जणांसमोर बोललात ते." त्यानं वर पाहिलं नाही. "मनगटाचं दुःख नव्हतं हो. तुम्ही 'हो, सर' म्हणालात ना... ते लागलं."

"मला रात्र-रात्र तेच ऐकू येतं." तिचा आवाज चिरकला. "आणि सगळ्यांना सांगितलं, पण गॉगल का काढला ते नाही सांगितलं. तुम्ही... तुम्ही बघावं म्हणून काढला. इतकी मूर्ख आहे मी. बास, हेच सांगायचं होतं."

ती वळली.

"थांबा," तो म्हणाला. पाना खाली ठेवून तो उठला, हात पुसत राहिला. "टँकर रिकामा व्हायला खरंतर पाऊण तास पुरतो. मी झडप अर्धीच उघडायचो. सव्वा तास लागावा म्हणून."

ती बघतच राहिली. "काय? अहो, पंप बिघडलाय म्हणून मी मेंटेनन्सवाल्यांना दोन पत्रं लिहिली!"

"आता साठ जणांसमोर मलाही सांगावं लागणार म्हणजे..."

तिला हसू आलं, आणि हसताहसताच रडूही. अजूनही तिला त्याच्या नजरेला नजर देता येत नव्हती. तो ते समजला असावा. त्यानं टँकरच्या पायरीवरची धूळ झटकली, स्वतः एका कडेला बसला आणि शेजारी जागा ठेवली.

थोडं घुटमळून... ती बसली.