भरदुपारी हरवलेलं पान

वेबपान होतं, त्यावर अक्षरं होती, नेटवर्कही ठणठणीत होतं. तरीही भर चौकात उभ्या असलेल्या वंदना भोयर यांना फोनवर नुसती कोरी काच दिसत होती. हे कोडं त्यांच्याच मुलीनं, आर्वीनं, घातलं होतं आणि तिला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

गोष्ट विदर्भातल्या एका शहराची आणि अजून काही वर्षांनंतरची. तेव्हा शाळेतल्या मुलांनाही उन्हाळ्यात कॉलेजचा एखादा अभ्यासक्रम करता येऊ लागला होता. बारा वर्षांच्या आर्वीनं ग्राफिक आणि वेब डिझाइन निवडलं. वर्गात सगळे तिच्याहून मोठे, पण बोलण्यात ही कुणाला हार जाणारी नव्हती. शिकवायला उईके मॅडम होत्या आणि त्यांच्या मदतीला ठिपक्या नावाचा यंत्रमानव. ठिपक्या चाकांवर फिरायचा आणि कुणाची चूक सापडली की त्याला भारी आनंद व्हायचा.

तिथलं ऊन तर काही विचारूच नका. म्हणून शहरात जागोजागी गारवाघरं (उन्हातून आलेल्यांनी घटकाभर बसायच्या थंड खोल्या) उघडली होती. पण मध्येच वीज गेली की एखादं गारवाघर बंद व्हायचं. "आत्ता कोणतं उघडं आहे, हे सांगणारं वेबपान करा," असं काम मॅडमनी वर्गाला दिलं होतं.

आर्वीनं ते फार मनावर घेतलं. तिची आई वाहतूक पोलीस. गेल्या उन्हाळ्यात चौकातून कशीबशी गारवाघरापर्यंत गेली, तर दार बंद. तिथंच घेरी येऊन पडली. तेव्हापासून मे महिना आला की आर्वी रोज आईच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

पान नुसतं बघूनच गार वाटलं पाहिजे, असं तिनं ठरवलं. पांढऱ्या जमिनीवर फिकट आकाशी अक्षरं, कडेनं नाजूक हिमफुलं. वर्गात पडदे ओढलेले, दिवे मालवलेले, कूलर घरघरतोय. तिकडे उन्हाळ्यात याहून वेगळं कसं बसणार म्हणा! त्या अंधारात पान असं काही खुललं की कौस्तुभसारखा खवचट मुलगाही "वा!" म्हणून गेला.

भरदुपारी चौकातून पान बघून उघडं गारवाघर शोधायचं, या चाचणीला आई स्वतः तयार झाली. ती वर्गात परत आली ती लालबुंद होऊन, भिंतीला धरत धरत.

"अगं, काही दिसूनच नाही राहिलं!" ती खुर्चीत बसत म्हणाली. "अंदाजानं गेली, तर नेमकं तेच बंद. पाणी दे आधी."

आर्वीनं धावत जाऊन पाणी दिलं. आपल्या पानानं आईला बंद दारापाशी नेलं, हे तिला सहन होईना. मॅडमनी फोन हातात घेतला. पान स्वच्छ दिसत होतं!

"वंदनाताई, हे तर दिसतंय की."

"इथं दिसून राहिलं हो. तिथं नव्हतं."

"काकूंना चष्मा लागला असेल," कौस्तुभ म्हणाला. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पडद्याआड सरकला.

ठिपक्या मात्र खुशीत होता. त्यानं खाऊच्या डब्यातून फुटाणे काढले. एका वाटीत दोन टाकले, दुसरीत चार.

"आर्वी, जास्त कुठं?"

"या वाटीत. दुप्पट आहेत."

ठिपक्यानं दोन्ही वाट्यांत अगदी सारखे, चांगले पन्नास पन्नास फुटाणे ओतले. "आता?"

आर्वी वाकून वाकून बघू लागली. "आता काय कळणार? दोन्ही सारख्याच दिसतात."

"फरक तर अजूनही दोनाचाच आहे."

"हो, पण एवढ्या ढिगात दोन कुठं कळतात!"

"तुझ्या पानाचं हेच झालंय. डोळ्याला अक्षर दिसतं ते कॉन्ट्रास्टमुळे (अक्षर आणि त्याच्यामागची जमीन यांच्या उजेडातली तफावत). ही तफावत डोळा वजाबाकीनं मोजत नाही. एक दुसऱ्याच्या किती पट, हे बघतो. अंधाऱ्या खोलीत तुझी जमीन अक्षरांच्या जवळजवळ दुप्पट उजळ होती. बाहेर गेल्यावर सूर्याचा उजेड काचेवरून परावर्तित झाला (आपटून परत फिरला) आणि डोळ्यात आला. तो अक्षरांवरही आला, जमिनीवरही आला, दोन्हीकडे सारखाच."

"म्हणजे दोन्ही वाट्यांत पन्नास पन्नास," आर्वी हळूच म्हणाली. मग एकदम उसळून म्हणाली, "पण फोनचा उजेड वाढवायचा ना!"

"उन्हात फोन तापतो. तापला की स्वतःला वाचवायला तो आपला उजेड उलट कमी करतो."

"मग काळी अक्षरं तरी दिसतील का? ऊन तर त्यांच्यावरही पडणार."

"पडेल. काळं अक्षर उन्हात राखाडी वाटेल. पण सुरुवातीलाच जमीन अक्षराच्या कितीतरी पट उजळ असेल, तर उन्हानं घटूनही वाचण्यापुरती तफावत उरेल."

आर्वीला आपलं आकाशी पान मोडायचं जिवावर आलं. पण आईच्या लाल चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि तिनं हिमफुलं काढून टाकली. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर जाड, काळीभोर अक्षरं. उघड्या गारवाघराचं नाव मोठं, खाली एक ठसठशीत बाण. बस्स.

"हे तर निधनवार्तेसारखं दिसतंय," कौस्तुभ म्हणाला.

"दिसू दे," आर्वी म्हणाली. आणि या वेळी ती पान तपासायला अंगणात गेली, डोक्याला ओढणी गुंडाळून, वर्गातला सगळ्यात जुना फोन घेऊन. मॅडमही पाठोपाठ गेल्या. ठिपक्यानं चाकं तापतील असं सांगून दारातूनच धीर दिला.

नव्या पानाची चाचणी दुसऱ्याच दिवशी ठरली. कोणतं गारवाघर उघडं आहे हे आईला सांगितलेलं नव्हतं. आर्वी उईके मॅडमबरोबर त्याच्या दारामागे उभी होती. बाहेर रस्ता ओस पडलेला. ठरलेली वेळ टळून गेली तरी आई येईना. काल चक्कर आलेल्या आईला आपण पुन्हा उन्हात पाठवलं, या विचारानं आर्वीचा जीव वरखाली होऊ लागला. आता बाहेर धावायचं, असं तिनं ठरवलं, तेवढ्यात दार ढकललं गेलं.

आधी आत आल्या त्या काकड्या विकणाऱ्या एक आजीबाई. काकड्यांची टोपली कडेवर, हातात कडेला तडे गेलेला फोन. त्यांच्या मागोमाग आई.

"आई! किती उशीर!"

"बाप्पा, माझा फोन तापून बंदच पडला," आई म्हणाली. "चौकातच उभी राहिली. मग या मावशी दिसल्या. मी पत्ता सांगितला, त्यांनी आपल्या फोनवर तुझं पान काढलं आन् मलाच धरून इथवर आणलं."

"चष्मा घरी राहिला बाई माझा," आजीबाई टोपली खाली ठेवत म्हणाल्या. "पण वाचलं आपलं."

आर्वीला रडूच फुटलं. तिनं आईला घट्ट मिठी मारली. उईके मॅडमनी आई आणि आजीबाईंना पंख्याखाली बसवलं आणि पान सगळ्या शहराला द्यायचं, असं तिथंच जाहीर केलं.

थोड्या वेळानं डोळे पुसून आर्वीनं विचारलं, "मॅडम, पण मावशी भेटल्या नसत्या तर? फोनच बंद पडला, तर कितीही चांगलं पान असून काय उपयोग?"

"मग काय करशील?"

"चौकातच मोठा फलक लावायचा. स्वतः उजेड न टाकणारा, उन्हाच्याच उजेडात वाचता येणारा. मग ऊन जितकं जास्त, तितकं अक्षर स्वच्छ. असं होईल का हो?"

मॅडम हसल्या. "पुढच्या उन्हाळ्यात तू पुन्हा ये, म्हणजे कळेल."

"आत्ताच सुरू केलं तर?" आर्वीनं विचारलं, आणि आजीबाईंनी दिलेली काकडी तिनं कडकन मोडली.