एकविसाव्या दिवसाचं पाणी

नदीकाठच्या त्या वाटेवर नियम एकच होता — थांबायचं नाही. औषधी झऱ्याच्या दालनात पेला भरून घ्यायचा, घोट घोट घेत लाकडी पुलापर्यंत जायचं आणि रिकामा पेला घेऊन परत यायचं. पाणी चालता चालताच पोटात उतरलं पाहिजे, असं गावातले डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. वर चेस्टनटच्या झाडांचं छत इतकं दाट की जूनचं ऊनसुद्धा खाली यायचं ते गाळलं जाऊन, नरम होऊन.

आणि हा माणूस वाटेच्या मधोमध उभा होता. मान वर, पेला तिरका.

दालनात पाणी वाटायची सकाळची पाळी संपवून रोसविता घरी निघाली होती. समोरून येणाऱ्या दोन आजीबाईंना वाट द्यायला ती बाजूला सरली आणि थेट त्याच्या कोपरावर आदळली. अर्धा पेला तिच्या पांढऱ्या एप्रनवर.

"इथे थांबत नाहीत," ती म्हणाली.

"माफ करा. झाडं बघत होतो."

"झाडं कुठे पळून चाललीत? चालता चालता बघा."

"आमच्याकडे नाहीत हो. मी उत्तरेचा. समुद्राच्या बांधावर राहतो. तिथे सावली हवी असली तर गाईच्या मागे उभं राहावं लागतं."

"आणि गाय हलली की?"

"आपणही हलायचं. म्हणजे थांबायची सोय तिथेही नाहीच."

रोसविता हसली नाही. एप्रन झटकायला मात्र तिने गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावला.

त्याचं नाव ओनो हार्म्स. समुद्र आत येऊ नये म्हणून घातलेल्या बांधावरून रोज कोसभर चालायचं आणि कुठे उंदराने भोक पाडलंय का ते बघायचं, हे त्याचं काम. गार वारा आणि काळाकुट्ट चहा यांनी पोटाची वाट लावली, म्हणून एकवीस दिवसांच्या पाण्याची डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तो इथे आला होता.

अशा चिठ्ठ्या रोसविता नऊ वर्षं बघत होती. तिच्या पुढ्यात पितळेच्या दोन तोट्या. उजवीचं पाणी सौम्य, दुखरं पोट निववणारं. डावीचं कडू, तुंबलेलं पोट मोकळं करणारं. रोज सकाळी चारशे पाहुणे, प्रत्येकाचा नंबर घातलेला पेला. चेहरा दिसला की तिचा हात आपोआप त्या पेल्यावर जाई आणि तिथून बरोबर तोटीवर. नऊ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

दुसऱ्याही एका गोष्टीचा होता — पाहुण्यात जीव गुंतवायचा नाही. तिच्या शेजारी चाळीस वर्षं पाणी वाटत आलेली ट्राउडलमावशी पेले विसळताना गुणगुणायची,

"पहिल्या आठवड्यात हसू, दुसऱ्यात हात हाती,
तिसऱ्या आठवड्यात आसू, चौथ्यात नवी नाती."

ओनो हार्म्सचा पेला दोनशे चौदा नंबरचा. आठवडाभरात तो रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहू लागला.

"उशिरा उठता?" तिने विचारलं.

"साडेपाचला उठतो. मग लोकांना पुढे जाऊ देतो. आमच्या घरी असंच शिकवलंय."

"सगळ्या चारशेंना?"

"संस्कार म्हटले की संस्कार."

मावशीने खोकला आल्यासारखं केलं.

रोसविताची पाळी संपेपर्यंत त्याचा पेला बरोबर अर्धा उरलेला असे. मग दोघं पुलापर्यंत चालत. एकदा पाऊस आला, तर तो वरच पडत राहिला. खाली नुसता त्याचा आवाज. बऱ्याच वेळाने नदीवर ऊन चकाकलं आणि तेव्हा कुठे झाडं ठिबकायला लागली.

"अजून पडतोय?" त्याने हात पुढे करून विचारलं.

"थांबला केव्हाच. झाडांना उशिरा कळतं."

"झाडांनाच?" तो म्हणाला.

तिने नदीकडे बघितलं. बदकं नेहमीचीच होती.

विसाव्या दिवशी पुलावर त्याने विचारलं, "हिवाळ्यात इथे काय असतं?"

"काही नाही. उघड्या फांद्या, नदी आणि आम्ही."

"ते बघायला कोणी येतं?"

"सावलीत सगळेच येतात, हार्म्ससाहेब. ती गेल्यावर कोण येतंय?"

"मी पत्र लिहीन."

"सगळे लिहितात. नाताळपर्यंत."

त्याने पेल्यातला शेवटचा घोट घेतला. तिला वाटलं, त्याने नाही म्हणावं... आणि हेही वाटलं, की नऊ वर्षांनी आपलं हे काय चाललंय.

एकविसाव्या दिवशी तो बॅग घेऊनच रांगेत आला. तिने दोनशे चौदा उचलला, भरला, त्याच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला आणि थबकला. पेल्याकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं. मग नियम मोडून तिथेच उभ्या उभ्या सगळा पेला रिकामा केला.

"गाडीची घाई दिसतेय," ती कोरडेपणाने म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "तसंच समजा."

पाहुणा गेला की त्याचा पेला धुऊन फळीवर पालथा घालायची रीत. मग तो नंबर दुसऱ्याला. रोसविताने दोनशे चौदा धुतला, पुसला... आणि कचेरीतल्या माणसाला सांगितलं, याला तडा गेलाय, हा कोणाला देऊ नका.

पत्र आलं नाही. जुलैत नाही, सप्टेंबरात नाही. बरंच झालं, ती म्हणायची. निदान खोटं तरी बोलला नाही.

नोव्हेंबरात झाडं मोकळी झाली. दालनात गावातले चार म्हातारे तेवढे यायचे. अशाच एका सकाळी दार ढकलून जाड कोटातला माणूस आत आला.

रोसविताचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. आवाज मात्र नेहमीचा.

"चिठ्ठी?"

"नाही. पोट ठणठणीत आहे."

"मग पाणी मिळणार नाही."

"पाणी नकोय. तक्रार घेऊन आलोय." ओनोने टोपी काढली. "एकविसाव्या दिवशी तुम्ही मला डाव्या तोटीचं पाणी दिलंत."

"शक्य नाही."

"फुल्डा स्टेशन गेलं आणि मी गाडीतल्या संडासाला आतून कडी लावली. ती उघडली थेट आमच्या गावात. तिकीट तपासनीस दोनदा येऊन 'काळजी घ्या' म्हणून गेला."

चार म्हाताऱ्यांनी आपापले पेले खाली ठेवले. ट्राउडलमावशी उघडपणे ऐकत होती.

"पहिल्याच घोटाला कळलं असेल," रोसविता हळूच म्हणाली. "मग प्यायलात का?"

"नऊ वर्षं, रोज चारशे माणसं... आणि हात चुकला तो माझ्याच पेल्यावर. ते पाणी मी ओतून देऊ?"

तिचे कान लाल झाले.

"पत्र का नाही लिहिलंत?"

"सगळे लिहितात म्हणालात. मला सगळ्यांसारखं व्हायचं नव्हतं. वादळाआधीची बांधाची तपासणी संपली, तसा निघालो."

मावशी फळीपाशी गेली. पालथ्या पेल्यांच्या रांगेत एकच पेला सुलटा होता. तिने तो उजेडात धरून गोल फिरवला. "दोनशे चौदा," ती म्हणाली. "चष्मा लावूनही मला तडा दिसत नाही बाई याला."

रोसविताने एप्रन सोडला, घडी घातली, मावशीच्या हातात दिला. "अर्धा तास सांभाळ."

"अर्धा तास पुरेल का ग?"

बाहेर वाट उघडीबोडकी पडली होती. फांद्यांमधून आभाळ सरळ खाली येत होतं, आणि नदी पार वळणापर्यंत दिसत होती.

"आता माझ्या गावासारखं वाटतंय," ओनो म्हणाला. "फक्त गाय नाही."

पुलापाशी पोचण्याआधीच, ज्या जागी जूनमध्ये पाणी सांडलं होतं तिथे, रोसविता थांबली. वाटेच्या अगदी मधोमध.

"इथे थांबत नाहीत ना?" तो म्हणाला.

"थांब रे," ती म्हणाली, आणि त्याचा गारठलेला हात आपल्या खिशात घेतला.

मागून काठी आपटत एक आजोबा आले. दोनदा खाकरले. मग वाट सोडून गवतातून पुढे गेले.