उणे सत्तर अंशांची कुपी

अबोलीने थर्माकोलचा खोका उघडून आत हात घातला. ड्राय आइसचा एक खडाही उरला नव्हता. खोका आणणारा माणूस मात्र पावती पुढे करून उभा होता.

"मॅडम, इथे सही."

"कशावर? हवेवर?"

"नाही... खोका पोचल्याची. आत कुपी आहे ना?"

"आहे. पण ती उणे सत्तरवर राहायला हवी होती. आता ती मेली. या महिन्यातली दुसरी."

कुप्या पुरवणाऱ्या तुर्भ्याच्या कंपनीतून नेहमी येणारा माणूस रजेवर होता, म्हणून महाप्याच्या या लॅबमध्ये आज हा आला होता. गळ्यातल्या कार्डावर नाव होतं धनेश कोळी. उंच, सावळा, आणि समोरचा चिडला की ओठ मिटून हसू दाबणारा. अबोलीला रिकाम्या खोक्यापेक्षा त्या हसण्याचाच जास्त राग आला.

"मी हसत नाहीये, मॅडम. माझा चेहराच असा आहे."

"मग चेहरा आणि खोका, दोन्ही परत न्या."

तो दारापर्यंत गेला आणि थबकला. "एक विचारू? यात एवढं काय असतं?"

खरं तर तिला त्याला घालवायचं होतं. पण दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. नेरुळला घरी आईसुद्धा 'तुझं ते नळ्यांचं काम' यापलीकडे जात नसे.

"माणसाच्या शरीरातलं एन्झाइम आहे," ती म्हणाली. "माणसातून काढलेलं नाही, त्याचा जीन पेशींमध्ये घालून त्यांच्याकडून बनवून घेतलेलं. काही हार्मोन्स आधी लांब साखळीसारखी तयार होतात. हे एन्झाइम ती साखळी ठरल्या जागी कापतं, मग तुकडे कामाला लागतात. त्यातला एक मेंदूला सांगतो की पोट भरलं. एक पाच वर्षांची मुलगी आहे, तिला ते कळतच नाही. जेवून उठली की पुन्हा भूक. तिच्या साखळीत नेमक्या कापायच्या जागी बदल आहे. त्यामुळे कापणंच अडतं का, हे मला बघायचंय. त्यावर तिचं औषध ठरणार. आणि तिच्यासारखी साखळी आमच्याकडे एका प्रयोगापुरतीच उरलीय."

धनेशचं हसू मावळलं. "पुढची कुपी मी आणतो," तो म्हणाला.

त्यानंतरचे तीन आठवडे अबोलीने नुसते दात-ओठ खाल्ले.

"कुठवर आलं?" ती फोनवर विचारायची.

"येतंय, मॅडम."

"कुठून?"

"जिथे आहे तिथून."

ती फोन आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला पुन्हा लावायची. एकदा तर तो कारण नसताना लॅबमध्ये येऊन बसला. हातात एपीएमसीच्या घाऊक बाजारातून आणलेली पेरूंची पिशवी.

"एन्झाइम कुठाय?"

"ते अजून परदेशातून निघायचंय. तोवर पेरू खा."

"तुम्हाला काही कामं नसतात का?"

"हेच काम आहे... फ्रीझरमध्ये जागा आहे का ते बघायला आलोय."

जागा होती. तरी तो अर्धा तास बसला. तो गेल्यावर अबोलीने दोन पेरू खाल्ले, आणि ते गोड निघाले याचाही तिला वैताग आला.

शेवटी पार्सल विमानतळावर उतरलं आणि कुठल्याशा कागदावाचून तिथेच अडकलं. त्याच दिवसापासून धनेश फोन उचलेना. तिने अकरा वेळा लावला. दुसऱ्या दिवशी एन्झाइमच्या काळजीत माणसाचीही काळजी मिसळली आणि तिची चिडचिड दुप्पट झाली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो लॅबच्या दारात उभा. खोका उघडला तर ड्राय आइस काठोकाठ, वर पांढरा धूर. आतल्या तापमापकावर आकडा होता उणे बहात्तर. अबोलीने सही केली. पेन परत देताना तिला त्याची बोटं दिसली. लालभडक, दोन ठिकाणी फोड आलेली.

"हे काय?"

"काही नाही... बर्फ."

"ड्राय आइस उघड्या हाताने धरलास?"

"हातमोजे फाटले. तळोज्याला आमचा गोवर्धनमामा कोळंबीच्या एक्स्पोर्टमध्ये आहे. त्याच्याकडून हा बर्फ आणून आणून विमानतळावरच्या लोकांकडून खोक्यात भरून घेत होतो."

"आणि फोन का नाही उचललास?"

"या बोटांनी?"

तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि मलम लावलं. लावता लावता अक्कल, हातमोजे आणि फोन यांवर त्याला भरपूर ऐकवलं. तो शहाण्या मुलासारखा ऐकत राहिला. आपण त्याला 'अरे-तुरे' करतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

प्रयोग झाला. निरोगी साखळी कापली गेली, त्या मुलीच्यासारखी बदललेली साखळी अख्खीच राहिली. म्हणजे कापण्याची वाट न बघता पोट भरल्याचं सांगणाऱ्या तुकड्याचं काम थेट करणारं औषध तिला देऊन बघता येणार होतं. डॉक्टरांना कळवल्यावर अबोलीने धनेशला फोन लावला. उचलला नाही. तशीच रिक्षा करून ती दिवाळे गावात गेली; तिथे आपली आई मासळी विकते, हे त्याने पेरू आणले त्या दिवशी सांगितलं होतं.

मासळीबाजारात तो आईशेजारी पाट्या उचलत होता. आईने, कमळीने, अबोलीकडे खालून वर पाहिलं.

"तूच का गो ती मॅडम? घरान रोज तुजं नाव. मॅडम रागावतील, मॅडम रागावतील. मी इचारलं, एवरी रागावते तं जातंस कशाला?"

"आई..." धनेश म्हणाला.

"प्रयोग जमला," अबोली म्हणाली. "तिला औषध मिळेल. आणि आईंना काय उत्तर दिलंस?"

त्याने पाटीतले बोंबील उगाच सारखे केले. मग हळूच म्हणाला, "सांगितलं की... ती रागावली नाही तर दिवस वाया गेल्यासारखा वाटतो."

"हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही नेहमी एन्झाइमचंच विचारायचात."

"मग काय विचारायचं होतं? तुमचा माणूस मला आवडलाय, तो कधी पाठवताय, असं कंपनीला विचारायचं होतं?"

कमळीचा हात तराजूवर थांबला. शेजारच्या गोजराबाईंनी पदर तोंडाला लावला. आपण भर बाजारात काय बोललो हे अबोलीला तेव्हा कळलं आणि तिचे कान तापले.

"काय म्हणालीस?" धनेशने विचारलं.

"पुन्हा सांगणार नाही."

"नको. ऐकू आलंय."

त्याने एक रिकामा क्रेट पालथा घालून तिच्यापुढे सरकवला. ती बसली. तोंड अजून फुगलेलंच होतं, पण थोडं सरकून तिने त्याच्यासाठी शेजारी जागा केली.