उजव्या बाजूला ओरखडा नाही

"आत्या, लगेच ये. बाबा उद्या कोर्टात गुन्हा कबूल करणार आहेत, आणि इकडे गॅरेजमध्ये भावोजी त्यांची मोटारसायकल संग्रहालयात ठेवण्याजोगी करायला निघालेत."

फोनवर भाचा होता. आत्यांनी शब्दकोड्याचा कागद बाजूला सारला.

वाहन निरीक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर अपघाताच्या गाड्या तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर माणसांबद्दलचं आपलं मत जरा सुधारेल अशी त्यांना आशा होती. ते आणखीच घसरलं.

"आणि तुला काय हवंय?"

"मला ती कस्टम करायचीय. पुढचा फोर्क लांब, मागचं चाक जाड, मडगार्ड काढून टाकायचं. टाकीवर कवटी."

"कवटी. छान. बाप तुरुंगात आणि टाकीवर कवटी. येते मी."

बाप म्हणजे आत्यांचा धाकटा भाऊ, चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. गेल्या महिन्यात एका पहाटे रुग्णालयाजवळच्या उतारावर त्याच्या जुन्या मोटारसायकलने एका नर्सला उडवलं. रात्रपाळी संपवून ती घरी चालली होती. जागीच गेली. गाडीवर दोघे होते, मास्तर आणि त्याचा जावई. मास्तरच्या डोक्याला मार बसला आणि ती सकाळ त्याच्या डोक्यातून पुसली गेली. जावयाचं कोपर तेवढं सोललं. जबाब जावयानेच दिला: सासरे चालवत होते, डुलकी लागली. रस्त्यावर ब्रेकची खूण सापडली नाही. ज्याने ब्रेकच मारला नाही तो झोपलेलाच असणार, असं पोलिसांनी ठरवलं आणि फाइल बांधली.

आत्या बाहेर आल्या तेव्हा फाटकाशी एक गाडी उभी होती. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अपघातमुक्त ड्रायव्हिंग स्कूल. शेजारी मालकाचा हसरा फोटो. मालक स्वतःही बाहेर तसाच हसत उभा होता.

"आत्याबाई, तुमच्या भाचीने मुद्दाम पाठवलं मला तुम्हाला आणायला. पण चालवायची तुम्हालाच. येताना कशीबशी आणली, माझं कोपर अजून दुखतंय."

"जावईबापू, तुमच्या फोटोला काही दुखत नाही वाटतं."

ते हसले. टोमणा कळला नाही की हसणारा माणूस सहसा आणखी बोलतो, हे आत्यांना ठाऊक होतं. जावईबापू बोलत राहिले. मास्तरांचं वय झालंय. कोर्ट दया दाखवेल. वकील म्हणतो, कबुली दिली तर सौम्य शिक्षा. गाडी मात्र पहिल्या दिवशी होती तशी उभी करायची, अगदी स्क्रूसकट. घराण्याचा वारसा आहे.

कोपऱ्यावरून एक कुत्रं आडवं आलं. आत्यांचा पाय ब्रेककडे निघाला होता, तेवढ्यात गाडी गचका खाऊन थांबली. शिकवणीची गाडी ती. शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक होता आणि जावईबापूंनी तो कचकन दाबला होता.

"सवय," ते अभिमानाने म्हणाले. "माझा उजवा पाय झोपेतही ब्रेक शोधतो. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, घाबरलात की उजवा पाय. गाडी असो, मोटारसायकल असो. स्वतः रोज मोटारसायकलवर फिरतो, म्हणून सांगतो."

"पोरं नशीबवान," आत्या म्हणाल्या आणि गिअर टाकला.

गॅरेज म्हणजे पत्र्याची लांब शेड होती. मधल्या चौथऱ्यावर मोटारसायकल स्टँडवर चढवलेली. एका बाजूला भाचा उभा होता, हाताच्या दंडावर नुकतंच काढलेलं गोंदण घेऊन. दुसऱ्या बाजूला गॅरेजवाला. त्याला सगळे उस्ताद म्हणत आणि तोही स्वतःला तेच म्हणे.

"मॅडम, चेसी सरळ आहे," उस्तादाने सुरुवात केली. "उस्ताद दोन्ही करू शकतो. जुनी म्हणाल जुनी, राक्षस म्हणाल राक्षस. फक्त घरच्यांनी एक काय ते ठरवावं. सकाळपासून माझं डोकं खाल्लंय दोघांनी."

"डोकं कमी झाल्यासारखं वाटत नाही," आत्या म्हणाल्या आणि चष्मा चढवला.

गाडी डावीकडे पडली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. डावं हँडल आत वळलेलं. डावा आरसा गायब. पाय ठेवायचा डावा दांडा मागे दुमडलेला आणि टाकीच्या डाव्या गालावर डांबर रुतलेलं. त्या फेरी मारून उजवीकडे आल्या. इकडे टाकीवर एक ओरखडा नव्हता. मास्तरने अपघाताआधीच्या रविवारी लावलेलं पॉलिश तसंच चमकत होतं.

त्या खाली वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"काय दिसलं, आत्या?" भाच्याने विचारलं.

"धूळ. हे उजव्या पायाशी काय आहे, सांग बघू."

"गिअर. ह्या जुन्या गाड्यांचं सगळं उलटंच. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. म्हणून तर मला हे काढून टाकायचंय. मी एकदा बसलो होतो, पहिल्याच वळणाला ब्रेक समजून गिअर दाबला आणि कुंपणात गेलो. बाबा आठवडाभर हसत होते."

"आणि काढलेल्या भागांचं काय करणार?"

"भिंतीवर लावणार. जुने, वाकडे, जसेच्या तसे. मस्त दिसतं."

"तुझ्या अक्कलहुशारीचा पहिल्यांदाच उपयोग होतोय," आत्या म्हणाल्या. भाच्याला हे कौतुक आहे की काय, ते कळेना.

जावईबापू पुढे आले. "बघा ना, वाकडं लोखंड भिंतीवर म्हणे. मी सगळं नवं मागवलंय. अस्सल, त्याच बनावटीचं. उस्ताद, दाखव."

उस्तादाने फळीवरचा तेलकट कागद उलगडला. आत नवाकोरा गिअरचा लिव्हर होता.

"हा कधी आला?"

"परवा. गाडीच्या आधी भाग हजर. ह्याला म्हणतात नियोजन," जावईबापू म्हणाले.

"बाकीचे भाग?"

"त्यांना वेळ लागतोय," उस्ताद म्हणाला. "हँडल, आरसा, सगळं आज गाडी बघून मागवायला सांगितलं मी. हा एकटाच आधी आला."

"आणि गाडी पोलीस ठाण्यातून कोणी आणली?"

"मीच, आज सकाळी. उस्तादाशिवाय कोणाला जमतंय? उजवी बाजू भिंतीला घट्ट टेकवून ठेवली होती, वर ताडपत्री. माझी दोन माणसं लागली सोडवायला."

आत्यांनी मान डोलावली आणि भाच्याला म्हणाल्या, "तुझ्या ताईला फोन लाव. म्हणावं मास्तरला घेऊन इथे ये."

"आत्याबाई, त्यांची तब्येत," जावईबापू म्हणाले.

"उद्या तुरुंगात जाण्याइतकी बरी आहे ना? मग गॅरेजपर्यंत येण्याइतकी असेल."

वाट बघताना आत्या एका उलट्या बादलीवर बसल्या.

"जावईबापू, त्या पहाटे कुठे चालला होतात?"

"मास्तरांची रक्ततपासणी होती, उपाशीपोटी."

"उपाशी माणसाला चालवू दिलंत?"

"सांगून बघितलं. ऐकतात थोडेच. ती गाडी म्हणजे त्यांचा जीव."

"तुम्ही कधी चालवली ती?"

"छे. हातसुद्धा लावला नाही कधी. पाहुण्यासारखा मागे बसायचो."

"मागे बसून पाय कुठे ठेवायचात?"

"मागच्या दांड्यांवर. का?"

"सहज. तुमच्यासारख्या शिक्षकाकडून शिकून घेते."

भाची मास्तरला घेऊन आली. मास्तर बारीक झाला होता. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता. बहिणीने भुवई उंचावली तसा त्याने तो उघडून दाखवला. पेन्सिलने काढलेला एका बाईचा चेहरा होता. पेपरातल्या फोटोवरून काढलेला.

"मला ती आठवतच नाही, ताई," तो म्हणाला. "जिला मारलं तिचा चेहरासुद्धा माहीत नाही, हे बरं दिसत नाही ना."

आत्यांनी कागद घडी घालून परत त्याच्या खिशात ठेवला.

"मास्तर, ह्या गाडीआधी तू काय चालवायचास?"

"सायकल."

"आणि हिच्यानंतर?"

"हिच्यानंतर काय? हीच. जावईबापूंची नवी गाडी एकदा दिली होती त्यांनी. फाटकापर्यंत गेलो आणि ढकलत परत आणली. पायच चालेनात."

"बस हिच्यावर. स्टँडवर आहे, पडणार नाहीस. गाडी चालली आहे असं समज आणि माझ्याशी बोल."

मास्तर बसला. हात आपोआप हँडलवर गेले, डावीकडचा वाकडा भाग त्याने ओळखीच्या माणसाची जखम चाचपावी तसा चाचपला. आत्या त्याला शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांबद्दल काहीबाही विचारू लागल्या. तोही रंगला. हेडमास्तरांच्या टोपाची गोष्ट ऐन भरात आली असताना आत्यांनी पायाजवळची रिकामी बादली लाथेने चाकासमोर ढकलली.

पत्र्याचा आवाज शेडभर घुमला.

मास्तरचा डावा पाय खाली गेला होता. ब्रेकचा पेडल त्याने तळाशी दाबून धरला होता. उजवा पाय जागचा हलला नव्हता.

जावईबापूंचा उजवा पाय जमिनीवर आपटला होता. ते चौथऱ्यापासून चांगले लांब उभे होते.

"आता ऐका," आत्या म्हणाल्या. "पोलिसांना रस्त्यावर ब्रेकची खूण दिसली नाही, म्हणून त्यांनी झोप शोधून काढली. ब्रेक मारला गेला होता, अगदी जीव खाऊन. चुकीच्या पायाने. उस्ताद, गाडी कोणत्या बाजूला पडली?"

"डाव्या."

"उजव्या बाजूला ओरखडा आहे?"

"नाही."

"मग उजवीकडचा गिअरचा लिव्हर खाली कसा वाकला?"

उस्ताद वाकला. त्याने लिव्हरला बोट लावलं आणि पहिल्यांदाच त्याला स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलं नाही. "वरून लाथ बसलीय, मॅडम. आटेसुद्धा गेलेत."

"धडधाकट माणसाची लाथ. ह्या गाडीत तो खाली दाबला तर वेग कमी होत नाही, पुढचा गिअर पडतो, नाहीतर काहीच होत नाही. पुढचा ब्रेक नावापुरता आहे, हे मास्तर वर्षानुवर्षं सांगतोय. मास्तरचा पाय तुम्ही आत्ता पाहिलात. आठवण गेली, पाय कुठे गेला नाही. गाडीवर दोघंच होते. दुसऱ्याचा उजवा पाय झोपेतही ब्रेक शोधतो. हे मी म्हणत नाही, त्यांनीच मला वाटेत अभिमानाने ऐकवलं."

"हा काय पुरावा झाला?" जावईबापूंचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याला आता आतून आधार उरला नव्हता. "त्या दिवशी मास्तर गोंधळले असतील. चुकीचा पाय पडला असेल. कोणाचाही पडतो."

"मलाही तसंच वाटलं असतं. पण मग तुम्ही लिव्हर मागवलात. हँडल नाही, आरसा नाही, जे तुटलेलं अपघातानंतर रस्त्यावर कोणालाही दिसलं असतं ते नाही. पहिला लिव्हर. उजवी बाजू भिंतीला होती, ताडपत्रीखाली. मागच्या दांड्यांवर पाय ठेवून बसलेल्या पाहुण्याला कसं कळलं, की लिव्हर वाकलाय?"

उस्तादाने नव्या लिव्हरवर परत तेलकट कागद गुंडाळला.

"ते ज्याच्या तळपायाखाली वाकलं त्यालाच कळलं. तुम्ही अस्सल जुनी गाडी उभी करणार होतात, म्हणजे वाकडं सगळं भंगारात आणि सगळे तुमचे आभार मानणार. हा माझा भाचा टाकीवर कवटी काढणारा मूर्ख आहे, पण त्याला वाकडं लोखंड जपायचं होतं. वारसा तुम्हाला हवा होता."

"आत्याबाई, शब्द जपून वापरा."

"जपूनच वापरतेय. अपघातमुक्त हा शब्द तुम्ही वापरलात. नर्सला मारणाऱ्याच्या हातात कोण मुलं सोपवणार? ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना गेला असता. सासऱ्याच्या डोक्यात काही उरलं नाही, हे कळल्यावर तुम्ही त्या रिकाम्या जागेत स्वतःचा गुन्हा ठेवून दिलात. आणि रोज त्याला जेवायला वाढताना सांगत राहिलात, की तूच मारलंस."

मास्तर गाडीवरच बसून होता. तो जावयाकडे बघत म्हणाला, "जावईबापू, मला चक्कर येत होती ना? म्हणून तुम्ही घेतलीत चालवायला?" त्याला आठवत नव्हतं. त्याला फक्त कारण द्यायचं होतं, जावयाला.

भाची पुढे आली. "बाबा, खाली उतरा." मग नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बसा."

"काय पोरखेळ आहे हा."

"बसा ना. आत्या बादली ढकलेल. तुमचा कुठला पाय जातो ते मला बघायचंय."

जावईबापू हलले नाहीत. मग भाचीने, आत्यांनी आल्यावर त्यांना परत दिलेली ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि भावाला दिली.

"ठाण्यात मी येते ह्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "तू चालव."

ते तिघे बाहेर पडले. दारावरच्या फोटोतले जावईबापू हसतच निघून गेले.

उस्तादाने घसा खाकरला. "मॅडम, मग गाडीचं काय करायचं? जुनी की कस्टम?"

"हात लावलास तर तुझं कस्टम करीन. ठाण्यातले साहेब येऊन पंचनामा करेपर्यंत तो लिव्हर असाच राहील."

"आणि त्यानंतरही," मास्तर म्हणाला.

तो उजवीकडे उकिडवा बसला होता, वाकलेल्या लिव्हरसमोर. खिशातला कागद त्याने गुडघ्यावर उघडून ठेवला होता.

"त्यानंतरही सरळ करू नका. तिच्या घरचे विचारतात, चालवणारा झोपला होता का, त्याने थांबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही का. त्यांना हा दाखवायचाय."

आत्यांच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चुकीच्या पायाने केलेल्या प्रयत्नांबद्दल. त्यांनी ते गिळलं आणि भावाला उठायला हात दिला.