उघाडीवरची हाक

"तुम्ही दोघं शनिवारी समुद्राकडं चालायला निघालाय म्हणून सांगतो," सहादूनाना म्हणाले, "नाहीतर ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही."

जेवणं झाली होती. देवळाली कॅम्पच्या अलीकडं नानांचा मळा आहे. तिथल्या ओट्यावर त्यांची पुतणी हर्षाली आणि तिचा मावसभाऊ सुयश पाठीवरच्या पिशव्या भरत बसले होते.

"भुताची का, नाना?" हर्षाली हसली. "पांढरी साडी आहे का तिच्यात?"

"साडी नाही, बाई नाही. दिसणारं काहीच नाही. सुयश, ती बॅटरी बंद कर, डोळ्यावर येते."

मग नानांनी पाय वर घेतले आणि सांगायला लागले.

रंगनाथ म्हणजे ओढ्यापलीकडचा कांदेवाला. तुम्ही त्याला बघितलंय. आता फारसा बोलत नाही, तेव्हा बोलायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र शेखर नाशकात द्वारकेला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. दोघांनी ठरवलं, दोन दिवस समुद्राकाठच्या गावांतून पायी हिंडायचं. गावांची नावं मी सांगणार नाही. तारीख सांगतो. तीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. कार्तिकातली अवस.

निघताना शेखरची बायको साधना दारात आली. "भाऊजी, अवसेला निघताय, निघा. पण ह्यांना पोहता येत नाही, आणि बीपीची रात्रीची गोळी चुकवायची नाही. तुमच्या भरवशावर पाठवतेय."

"वहिनी, जसा नेतोय तसा आणून देतो," रंगनाथ म्हणाला.

त्र्यंबक, जव्हार करत ते मोटारसायकलीवर खाली उतरले. पहिल्या गावात देवळापाशी गाडी लावली आणि चालायला लागले. सुरूची बनं, वाळत घातलेले बोंबील, मधे एक खाडी. तिला लांबचा वळसा घालून संध्याकाळी पलीकडच्या गावात गोजराबाई नावाच्या बाईंकडं मुक्कामाला आले. शेखर खुशीत होता. रंगनाथला मात्र काही सुचत नव्हतं. आपलं विहिरीचं पाणी रात्री निवांत असतं. नदीसुद्धा एका दिशेनं जाते. हे पाणी सारखं काहीतरी करत होतं. बसलं तरी ऐकू यायचं, कान झाकले तरी ऐकू यायचं.

जेवण झाल्यावर शेखरनं पिशवी उलटी केली. "रंग्या, गोळ्या गाडीच्या डिकीत राहिल्या."

"वा रे गडी! वहिनी माझं डोकं फोडंल."

रस्त्यानं ते गाव अकरा किलोमीटर. रात्री रिक्षा मिळेना. पण खाडीवरच्या बांधानं गेलं तर दोनच. एका अंगाला कापलेली भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला खाडी. बांधाच्या मधोमध एक उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर पडतं, भरतीला ते आपोआप मिटतं. त्याच्यावर चालायला एक फळी.

गोजराबाई म्हणाली, "सकाळी जा." तिची बोली मला येत नाही, आपल्या भाषेत सांगतो. "आज उधाण आहे. जायचंच असेल तर जा, पण बांधावर कोणी काही विचारलं तर ओ देऊ नका. तीन हाका झाल्याशिवाय आमच्यात रात्री कोणी ओ देत नाही."

"मावशी, आमच्याकडं रात्री ओ दिली नाय तर भावकीत भांडण होतं," रंगनाथ म्हणाला.

आणि ते खोटं नव्हतं. मोटारीची लाइट आपल्याकडं रात्रीची. एकजण विहिरीवर मोटारीपाशी, दुसरा पार टोकाच्या वाफ्यात. विहिरीवरचा ओरडतो, पाणी आलं का? वाफ्यातला ओरडतो, आलं! अंधारात दुसरं साधन काय? रंगनाथनं वयाच्या बाराव्या वर्षापासून हेच केलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी दोघं निघाले. साडेआठच्या पुढं उघाडी आली. बॅटरी रंगनाथकडं, पण शेखर पुढं. "फळी मजबूत हाय रे," म्हणत तो तिच्यावर मधोमध उभा राहिला. फळीच्या खाली हातभर अंतरावर पाणी होतं. काळं, फुगत आलेलं.

तेवढ्यात खाचरांच्या बाजूनं हाक आली. लांबून. म्हाताऱ्या माणसाची.

"पाणी आलं काऽऽ?"

रंगनाथच्या तोंडून निघून गेलं. "आलंऽऽ!"

विचार करायला वेळच मिळाला नाही. तीस वर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला आणि मग त्याला गोजराबाई आठवली.

खाडीचा आवाज थांबला होता.

दिवसभर ज्यानं त्याला बसू दिलं नव्हतं, तो आवाज... बंद.

"कोण होतं रे?" शेखरनं विचारलं.

"चल. थांबू नको. चल पुढं."

शेखर हलला नाही.

हाक पुन्हा आली. आता जवळून. बांधाच्या खालून.

"किती आलं?"

रंगनाथनं ओठ दातांत धरले. ओ द्यायची नाही. काही झालं तरी नाही.

"घोट्याला," शेखर म्हणाला.

त्याचा आवाज नव्हता तो. म्हणजे त्याचाच, पण झोपेतला. रंगनाथनं बॅटरी खाली मारली. पाणी होतं तिथंच होतं, फळीच्या हातभर खाली. फळी कोरडी. पण शेखरची पँट घोट्यापर्यंत ओली होती.

"किती आलं?"

"पोटरीला."

कापडावरची ओली रेघ वर सरकली. डोळ्यांदेखत.

"शेख्या! गप्प बस! बोलू नको!"

"किती आलं?"

"गुडघ्याला."

रंगनाथनं त्याचा दंड धरून ओढला. हलेना. बैल गाळात रुतल्यावर हलत नाही, तसा. रंगनाथचे पाय कोरडे. हात कोरडे. आणि दोन वितींवर हा माणूस बुडत होता... पाणी नसताना.

"किती आलं?"

"कमरेला."

साधनावहिनींचा दारातला चेहरा त्याच्यापुढं आला. पोहता येत नाही ह्यांना.

"किती आलं?"

"छातीला." शेखरनं हनुवटी वर उचलली. तोंड उघडं. श्वास तुटक.

मग रंगनाथनं त्याला येत होतं तेवढं केलं. वाफा भरला की आपण जे ओरडतो, तेच ओरडला. "भरलाऽऽ! वाफा भरला! बंद कर!"



ओली रेघ गळ्यापाशी थांबली. वर चढेना. उतरेनाही.

"मग?" हर्षालीनं विचारलं. तिच्या हातातली पिशवी केव्हाच खाली गेली होती.



मग आवाज आला. अगदी कानाशी. घाई नाही, राग नाही. पाटावर दिवसभर राबलेला माणूस विचारतो तसा.

"पुढची पाळी कोणाची?"

शेखरचे ओठ हलायला लागले. तो सांगणार होता. जे विचारलं ते सगळं तो सांगत होता, हेही सांगणार होता.

रंगनाथनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

आणि म्हणाला, "माझी."

...

खाडीचा आवाज परत सुरू झाला. शेखर ढासळला तो रंगनाथच्या अंगावर. "कशाला ओढतोस? पडलो असतो ना!" त्याला काही आठवत नव्हतं. गळ्यापर्यंत भिजलोय कसा, तेही कळेना.

दोघं माघारी आले. गोजराबाई कंदील घेऊन अंगणातच उभी होती. तिनं शेखरकडं पाहिलं, मग रंगनाथकडं.

"ओ कोणी दिली?"

रंगनाथनं मान खाली घातली.

"उघाडी राखायला एक म्हातारा होता," ती म्हणाली. "उधाणाच्या रात्री तो ओरडून विचारायचा, बांधावरच्यानं पाणी किती चढलं ते सांगायचं. एका अवसेला बांधावरचा माणूस गेलाच नाही. म्हातारा विचारत राहिला." एवढं बोलून ती आत गेली.

सकाळी रस्त्यानं जाऊन त्यांनी गाडी आणली. रविवारी संध्याकाळी रंगनाथनं शेखरला घरी पोचवलं. "वहिनी, आणून दिला बघा," म्हणाला. चहाही घेतला नाही. शेखर आजही ठणठणीत आहे.

"आणि रंगनाथ?" सुयशनं विचारलं.

"सोमवारी पहाटे तो मला बोलवायला आला," नाना म्हणाले. "आत येईना, बसेना. नुसता म्हणाला, 'नाना, चला.' त्याच्या मळ्यात गेलो. त्या आठवड्यात मोटारीला लाइट दिवसाची होती. रात्री कोणी पाणी भरलंच नव्हतं. सगळे वाफे कोरडे ठणठणीत. मधला एकच काठोकाठ भरलेला. वाफ्यात पाणी घ्यायचं दारं फावड्यानं नीट फोडलेलं, सराईत हाताचं काम. पण पाटाच्या बाजूला नाही. खालच्या अंगाला, ओढ्याकडं. म्हणजे पाणी खालून वर चढलेलं. आणि ओढा तर दसऱ्यालाच आटलेला."

नानांनी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासलं.

"मी वाकून बोट बुडवलं. जिभेला लावलं."

नानांनी ते बोट तसंच वर धरलं.

"खारट होतं."