उतारावर बंद पडणारी गाडी

भाचीच्या एका पत्राला मी कित्येक महिने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र अगदी छोटं होतं. "मामा, बाबांची गाडी आता मला हवी आहे. बाळाला पाळणाघरात सोडून कामावर जायला सोयीची पडेल. आमच्या घरापासून खालपर्यंत सगळा उतारच आहे. गाडी चालू स्थितीत आहे ना, तेवढं कळवा."

तेवढंच मला कळवता येत नव्हतं.

का, ते सांगतो. घडलं ते खरं आहे. या पानावरच्या भुतांच्या गोष्टी मीही वाचतो. बाराचे ठोके, रडणारी कुत्री, पांढऱ्या कपड्यांतली बाई... हसू येतं. माझ्या गोष्टीत रात्रसुद्धा नाही. एक ढगाळ दुपार, दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि माझ्या घरापासून टपालपेटीपर्यंत जाणारा उताराचा रस्ता. बस.

मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीची सहसा खात्री नसते. हिची आहे.

गाडी आमच्या दाजींची. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणून मला 'पंडित' म्हणायचे. आदराने नव्हे.

"पंडित, क्लच आहे तो. पायपुसणं नव्हे."

मी गाडी चालवत असलो की ते शेजारी बसायचे. गिअर जरा खरखरला की जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचे.

च्चक्.

एवढंच. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

आणि उतार लागला की माझ्या हातावरून हात घालून गिअर न्यूट्रलला टाकायचे, किल्ली मागे फिरवून इंजिनच बंद करायचे. "उतार फुकट असतो, पंडित. पेट्रोल नसतं." ब्रेक दगडासारखा जड व्हायचा. माझ्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांना गंमत वाटायची.

दाजी गेले ते दवाखान्यात. शेवटच्या दिवशीसुद्धा सलाइन लावणाऱ्या नर्सला च्चक् करून गेले. भाचीकडे तेव्हा जागा नव्हती, म्हणून गाडी माझ्या दारात आली.

थोड्याच दिवसांत ती बंद पडू लागली.

चढावर नाही. सपाटीवर नाही.

फक्त उतारावर...

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळे वस्ताद म्हणतात. तोही स्वतःला तेच म्हणतो.

"टाकीत पेट्रोल कमी असलं की उतारावर ते पुढे धावतं, काका. पाइप कोरडा पडतो. टाकी भरा."

भरली. बंद पडली.

"मग पंप गेलाय."

बदलला. बंद पडली. कॉइल बदलली, वायरी बदलल्या, किल्लीचा स्विच बदलला.

"आता गाडीत जुना फक्त मालक उरलाय," वस्ताद म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

मग मी चाचरत त्याला दाजींची सवय सांगितली.

"भूत?" तो म्हणाला. "आणि तेही पेट्रोल वाचवणारं? असलं भूत मला द्या हो, मी घरी ठेवतो!"

त्या ढगाळ दुपारी तो टेस्ट लॅम्प घेऊन आला. त्या दिव्याची लांब वायर त्याने कॉइलला जोडली. करंट आहे तोवर दिवा जळणार. तो माझ्या शेजारी बसायला गेला, पण ते दार उघडेना.

"हेही गंजलं," म्हणून तो मागे बसला.

उतार सुरू झाला. दिवा जळत होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मग शेजारच्या रिकाम्या सीटवरून...

च्चक्.

दिवा विझला. इंजिन बंद.

"काका! किल्ली कशाला फिरवलीत?"

किल्ली एक टप्पा मागे गेली होती.

"मी नाही फिरवली."

"मग काय मी फिरवली, मागे बसून? वाचून वाचून माणसाला आपले हात कुठे आहेत तेही कळेनासं होतं!"

खरं सांगतो, क्षणभर मला पटलं. मीच फिरवली असेन.

पण वस्ताद इरेला पेटला होता. गाडी वर नेली. किल्लीचा स्विच काढून त्याने खिशात टाकला, दोन वायरी एकमेकींना पिळल्या आणि त्यावर काळी टेप घट्ट गुंडाळली. उरलेली टेप शेजारच्या सीटवर फेकली. "आता येऊ देत तुमचे दाजी-बिजी."

या वेळी तो चालवायला बसला. मी मागे.

अर्धा उतार झाला. इंजिन सुरू होतं.

"ऐकलंत? कसं गुणगुणतंय! भूत म्हणे..."



गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला सरकला होता.

वस्तादने तो पकडला. ढकलला. हलेना. त्याच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. वरून कुणीतरी हात ठेवला असावा, तसा त्याचा हात खाली दबत होता.

च्चक्.

इंजिन गेलं. गाडी सुटली. वस्ताद दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी एका भिंतीला घासत थांबली.



मग त्याने डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं.

टेप तुटली नव्हती. फाटली नव्हती. वायरी सोडवून सरळ केल्या होत्या. आणि टेप... शेजारच्या सीटवरच्या गुंडाळीला परत चिकटवून, नीट गुंडाळून ठेवली होती.

वाया जाऊ नये म्हणून.

न उघडणारं ते दार सताड उघडं होतं.

वस्ताद त्या दिवसापासून मला हसत नाही. माझ्याकडे बघतच नाही.

गाडी दोराने ओढून घरी आणली. पुढच्या चाकांना दगड लावले. मग भाचीला लिहिलं, "गाडी चालू स्थितीत नाही. भंगारात देतो आहे. पुन्हा मागू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र घेऊन चालतच उतार उतरलो. पेटीच्या फटीत ते अर्धं घातलं, तेवढ्यात मागे खडी करकरली...

गाडी माझ्यामागे येऊन उभी होती.

आत कुणी नव्हतं. इंजिन बंद. पेट्रोलचा एक थेंब न जाळता आली होती.

च्चक्.

त्याचा अर्थ मला बरोबर कळला. चालू स्थितीत नाही म्हणतोस, पंडित?

नेहमीसारखा मी डळमळलो. पत्र मागे ओढायला लागलो. मग तो दुसरा उतार आठवला, भाचीच्या दारातला. आणि मागच्या सीटवर बाळ.

मी वळलो. त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. जीभ टाळूला लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज काढला.

तो इतका हुबेहूब त्यांचा निघाला की मी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तोवर पत्र पेटीत पडलं होतं.